केरबा वस्तादांच्या तालमीचं छप्पर

पंचगंगेच्या काठाला एका गावात एक भोळा नकाशेवाला होता. त्याचं नाव महिपती. आईनं दुधाकडे बघ म्हटलं की तो दुधाकडे बघायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, शेगडी विझायची, तरी हा बघतच असायचा. मग आईला जाऊन सांगायचा, "बघितलं."

असा माणूस दुसरीकडे कुठं टिकला नसता. पण तालुक्याच्या इनामदार मॅडमना सांगितलं तेवढंच करणारा माणूस हवा होता. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, तसा त्यांना महिपती मिळाला. मॅडम इमारतींचे नकाशे करायच्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करता यायची आणि चारी बाजूंनी फिरवून बघता यायची.

एक दिवस महिपतीच्याच गावचं काम आलं. केरबा वस्तादांना नवी तालीम बांधायची होती. मधोमध मल्लखांब, म्हणून छप्पर मधे उंच आणि दोन्ही अंगांना उतरतं, कमानीसारखं गोल हवं होतं. आता गंमत अशी, की वस्तादांच्या लेकीवर, स्वप्नालीवर, महिपतीचा जीव होता. तिचाही त्याच्यावर होता. प्रेम आंधळं असतं ते काही उगाच नाही. वस्तादांनी अट घातली, तालमीवर छप्पर चढू दे, मग लग्नाचं बोलू. महिपतीनं त्या दिवसापासून जेवतानाही छपराचाच विचार केला.

मॅडमनी त्याला पहिला धडा दिला. कॉम्प्युटरला गोल कळत नाही, सरळ तुकडे जोडून गोल करावं लागतं. महिपतीनं चार तुकडे जोडले. छप्पर मोडक्या छत्रीसारखं दिसायला लागलं. मॅडम म्हणाल्या, तुकडे वाढव, जितके जास्त तितकं गोल. त्यानं वाढवले आणि कमान झकास वळली. त्याच दुपारी ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. केक होता चौकोनी. कापायला महिपती बसला. तो कापतोय, कापतोय, सगळे हातात बशा घेऊन उभे. शेवटी केकचा भुगा झाला, तरी गोल काही होईना.

मॅडम म्हणाल्या, "केकला नाही रे महिपती. हे छपरासाठी."

"बरं," महिपती म्हणाला.

दुसरा धडा असा, की छपराची अर्धीच बाजू काढायची आणि आरशात दिसते तशी उलटवून दुसरीकडे जोडायची. मेहनत निम्मी. महिपतीला हे फार आवडलं. मग नकाशातल्या तालमीच्या दर्शनी भिंतीवर मारुती काढायचा होता, तर त्यानं गदेकडची बाजू काढली आणि उलटवून जोडली. वस्ताद बघायला आले. मारुतीच्या दोन्ही हातांत गदा, दोन्हीकडून शेपट्या. वस्तादांनी आधी हात जोडले, मग विचारलं की मारुतीरायानं डोंगर कुठं टाकला.

"मारुतीला नाही रे महिपती," मॅडम म्हणाल्या. "हे छपरासाठी."

"बरं."

तिसरा धडा मॅडमनी मुद्दाम दिला, कारण आता त्यांनाच धीर हवा होता. काहीही चुकलं तरी घाबरायचं नाही. मागे घ्यायचं बटण दाबायचं, सगळं होतं तसं होतं. पुढच्याच घटकेला महिपतीच्या हातून नकाशावर चहा सांडला. तो पुसायचं सोडून बटण दाबत बसला. चहा टेबलावरून मॅडमच्या साडीपर्यंत पोचला.

"चहाला नाही रे," मॅडम साडी झटकत म्हणाल्या. "ते बटण छपरासाठी आहे. फक्त छपरासाठी. कळलं?"

महिपतीला कळलं. या वेळी अगदी पक्कं कळलं.

नकाशा पुरा झाला तसे वस्ताद पुन्हा आले. त्यांना कुस्तीचा तांबड्या मातीचा हौदा बघायचा होता, पण पडद्यावर नुसतं छप्परच दिसे. मॅडमनी छप्पर लपवलं. आतला हौदा, मल्लखांब, सगळं लख्ख दिसलं. वस्ताद खूश झाले. मॅडमनी महिपतीला बजावलं, माणसांना आतलं दाखवायचं असेल तर आधी छप्पर लपवायचं. महिपतीनं विचारलं, हे तरी छपरासाठीच ना? मॅडम म्हणाल्या, हो बाबा, छपरासाठीच.

तालीम उभी राहिली. पत्र्याचं गोल छप्पर चढलं. वस्तादांनी शब्द पाळला आणि उद्घाटनाच्या दिवशीच सुपारी फोडायची ठरवली. ताक, तेल, हळद घालून हौद्यातली माती मळली. मॅडम जरा उशिरा येणार होत्या. त्यांनी निरोप धाडला, पाहुण्यांना आतलं नीट दाखव.

महिपती पहाटेच पत्रेवाल्याची माणसं घेऊन गेला. त्यांनी एकदा कारण विचारलं. मॅडमचा हुकूम, असं कळल्यावर त्यांनी मुकाट्यानं बोल्ट खोलले.

पाहुणे जमले. ऊन थेट हौद्यात पडलेलं. माती तडकायला लागलेली. पैलवान, सरपंच, सगळे माना वर करून आभाळ बघत होते. वस्ताद हळू आवाजात म्हणाले, "महिपती, छप्पर कुठाय?"

"लपवलंय मामा. आतलं नीट दिसतंय न्हवं?"

वस्तादांच्या मिशा थरथरल्या. महिपतीला वाटलं, आता परत आणायची वेळ झाली. घाबरू नका, एका बटणाचं काम आहे, असं सांगून त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि तालुक्याला ऑफिस गाठलं. कॉम्प्युटर लावला. बटण दाबलं. पडद्यावर गोल छप्पर अलगद तालमीवर येऊन बसलं. त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्यानं लगेच फोन लावला.

"मामा, आलं का छप्पर?"

पलीकडे वस्तादांनी मान वर करून आभाळ बघितलं. मग म्हणाले, "न्हाई आलं. आनि नीट ऐक. आजपास्नं आमची स्वप्नाली पन लपवलीया."

"काळजी नगं मामा," महिपती म्हणाला, "दोन्ही एकदमच परत येतील. तेवढी हौद्यातली माणसं बाजूला घ्या, कुणाच्या डोसक्यात पडायला नगं. आता परत दाबतोय."