सोनूताईची राहिलेली इच्छा

ट्रक हाकत नेपाळ गाठलेली, सत्तरीत खाडी पोहून गेलेली सोनूताई नव्वदीत वारली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पुतणे आबासाहेब उन्हाला भिऊन काळी छत्री उघडून पिंडापाशीच ठाण मांडून उभे होते.

"काकी जन्मभर उंडारली, आता आत्मा भटकतोय," ते म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

मैत्रिणीची ही नालस्ती ऐकून द्वारकामावशी भडकली. कावळे छत्रीला बुजतात, हे तिनं केव्हाच हेरलं होतं.

"आबासाहेब, छत्रीसकट त्या वडामागे व्हा. तुमचा उपदेश सुरू झाला की तिला घास गिळवत नसे. आज कसा गिळवेल?"

आबासाहेब फणफणत गेले. कावळ्यानं लगेच झडप घातली.

"बघा," मावशी म्हणाली, "तुम्ही वाटेतून बाजूला व्हावं, एवढीच तिची इच्छा राहिली होती."