उजवी बाजू कुणाची?

एक होता तांडेल. राजा नव्हे हं. राजाच्या डोक्यावर मुकुट असतो आणि तो जागचा हलत नाही. तांडेलाच्या डोक्यावर टोपी असते आणि ती वाऱ्यानं उडून जाते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. ह्या तांडेलाचं नाव होतं इनास. खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, गावात एक पांढरं देऊळ होतं, देवळावर क्रूस होता. समुद्रातून आधी तो क्रूस दिसायचा, मग गाव दिसायचं. तिथं इनास राहायचा.

इनासला बायको होती, कार्मिण. कार्मिणचा भाऊ मिंगेल इनासच्या होडीवर काम करायचा. होडी एक, माणसं दोन, आणि समुद्रात रोवलेले तीन खुंट. बस्, एवढीच त्याची दौलत.

आता खुंट म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. त्या गावचे लोक जाळं फेकत नसत, बरं का. त्यांची डोल असायची. डोल म्हणजे जाळ्याची लांबलचक पिशवी. पाण्यात मोठाले खुंट रोवायचे, दोन खुंटांच्या मध्ये पिशवीचं तोंड बांधायचं, आणि गप्प बसायचं. पाणी वाहतं, मासे आपले आपण आत जातात. मग ओहोटी संपते. भरती अजून लागलेली नसते. मध्येच पाणी थबकतं. थोडाच वेळ, तुम्ही दूध पिऊन संपवता ना, तेवढाच. तेवढ्यात डोल ओढून घ्यायची. पाणी उलटं फिरलं की पिशवी उलटते आणि होतं नव्हतं सगळं बाहेर.

इनासचे खुंट त्याच्या आजोबांनी रोवलेले. एक मधला, एक त्याच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. डोल कधी इकडच्या दोघांत बांधायची, कधी तिकडच्या दोघांत. होडी मात्र नेहमी मधल्या खुंटाला.

तर एकदा काय झालं, इनासला मासळी गावेनाशी झाली. एक पंधरवडा गेला, दुसरा गेला, तिसरा सुरू झाला. शेजारच्या खुंटांवर बोंबील ओसंडून वाहतायत आणि इनासच्या डोलीत शेवाळ. असं का, कुणाला सांगता येईना. शहाणी माणसं कारणं सांगत होती, पण प्रत्येकाचं कारण वेगळं.

आणि त्या गावचा एक रिवाज होता. तीन पंधरवडे डोल रिकामी आली, तर ती जागा दुसऱ्याला द्यायची. मग गावचा पाटील आला. वाईट माणूस नव्हता तो. ओट्यावर टेकला, टोपी काढली आणि म्हणाला, "इनास, चौथ्या दिवशी पुनव. तोवर डोल भरली तर खुंट तुझे. नाही भरली, तर मला ते दुसऱ्याला द्यावे लागतील रे."

इनासनं खाडीकडं बघितलं. घर पडलं तर पुन्हा बांधता येतं. समुद्रातली जागा गेली की माणूस दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होतो, आणि आजोबांच्या खुंटांवर दुसऱ्याची डोल बांधलेली रोज बघतो.

मग दुसऱ्या दिवशी पहाटे इनास आणि मिंगेल निघाले. थंडीचे दिवस. धुकं एवढं की वल्ह्याचं टोक दिसेना. देऊळ दिसेना, क्रूस दिसेना. पाणी थबकलं. दोघांनी डोल ओढली. रिकामी.

आणि मग किनाऱ्याकडून हाक आली.

"पोरांनो, काही गावलं का?"

इनास म्हणाला, "नाय."

"उजव्या बाजूला टाका!"

इनासच्या अंगावर काटा आला. का आला, माहीत आहे? पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणानंतर फादर देवळात जे वाचायचे, त्यात अगदी असंच होतं. शिष्य रात्रभर मासे धरतात, काही मिळत नाही, पहाटे किनाऱ्यावरून प्रभू सांगतो, उजव्या बाजूला टाका. इनासनं ते लहानपणापासून ऐकलं होतं. पण देवळात ऐकणं वेगळं आणि धुक्यात ऐकणं वेगळं.

"दाजी, कुणीतरी चेष्टा करतंय," मिंगेल म्हणाला. "गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्याला काही गावत नाही ते."

"असेल," इनास म्हणाला. "पण नसेल तर?"

त्यानं टोपी नीट केली, आणि तिथंच अडकला. उजवी बाजू म्हणजे कुठली? ओहोटी होती तोवर होडीचं तोंड देवळाकडं होतं. देवळाकडं तोंड केलं की उजवीकडं दक्षिण. मग दोघांनी डोल दक्षिणेच्या खुंटाला बांधली. हात गारठले, नखं दुखली. पण बांधली.

दुसऱ्या पहाटे ओढली. डोल जड लागली! मिंगेल ओरडला, "आलं, दाजी, आलं!" वर काय आलं? चिखल. आणि चिखलात एक चप्पल. तीसुद्धा एकच.

तेवढ्यात पुन्हा हाक. "पोरांनो, काही गावलं का?"

"चप्पल गावली," मिंगेल ओरडला. "तुझी आहे का?"

धुक्यात कुणीतरी हसलं. मग म्हणालं, "उजव्या बाजूला टाका!"

मिंगेलनं कपाळावर हात मारला. "दाजी, आपण चुकलो. भरती लागली की होडी फिरते. तोंड समुद्राकडं होतं. मग उजवीकडं उत्तर येते!"

खरंच की. खुंटाला बांधलेली होडी पाण्याबरोबर फिरते. सकाळची उजवी बाजू दुपारी डावी होते. इनास वीस वर्षं होडी चालवत होता, पण हे कधी त्याच्या मनात आलं नव्हतं. मग डोल सोडली, उत्तरेच्या खुंटाला बांधली.

तिसऱ्या पहाटे ओढली. आले ते बुळबुळीत, काचेसारखे गोळे, अंगाला लागले की खाज सुटते ते. दोघं खाजवत बसले. आणि पुन्हा हाक, पुन्हा तेच. आता इनासला काहीच कळेना. हाक येते तेव्हा तर पाणी थबकलेलं असतं. थबकलेल्या पाण्यात होडीचं तोंड ना देवळाकडं, ना समुद्राकडं. मग उजवं कुठलं?

मग तो गेला फादरांकडे.

फादर म्हातारे होते, फार शिकलेले. त्यांच्या खोलीत पुस्तकं भिंतीला लावलेली, खाटेखाली सरकवलेली, पाण्याच्या माठावरही एक ठेवलेलं. इनासनं सगळं सांगितलं. फादरांनी चष्मा लावला, एक पुस्तक काढलं, मग दुसरं. मग पहिलं पुन्हा काढलं.

"हे बघ इनास," ते म्हणाले, "ह्यावर तीन मतं आहेत. पहिलं म्हणतं, उजवी म्हणजे मानाची बाजू. दुसरं म्हणतं, बाजू महत्त्वाची नाही, आज्ञा पाळणं महत्त्वाचं."

"आणि तिसरं, फादर?"

"तिसरं म्हणतं, पहिली दोन चूक आहेत."

"मग डोल कुठं बांधू?"

फादरांनी चष्मा काढला. "डोलीबद्दल कुणीच काही लिहिलेलं नाही रे. त्या लोकांची जाळी वेगळी होती. चाळीस वर्षं मी दरसाल ते वाचतोय, आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही." त्यांचा चेहरा एवढासा झाला. मग हळूच त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"

इनासनं विचार केला. "घरातल्या माणसासारखा. जेवायला हाक मारतात ना, तसा."

फादरांनी दोन्ही पुस्तकं मिटली. मग म्हणाले, "मला वाचता येतं, इनास. आवाज मात्र मी कधी ऐकला नाही."

तर असा इनास, प्रश्न एक घेऊन गेला आणि तीन घेऊन घरी आला. कार्मिण आणि मिंगेल अंगणात बोंबील वाळवायच्या वलांडीखाली बसले होते. वलांडी रिकामीच, नुसते बांबू आणि दोर. दुसऱ्या दिवशी पुनव. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी बाजारात गिऱ्हाइकाला सांगते, उजवीकडचा वाटा घे," ती म्हणाली. "तो हमखास डावीकडचा उचलतो. कारण तो माझ्या समोर असतो. माझं उजवं ते त्याचं डावं."

"म्हणजे तुझं म्हणणं, त्या माणसाची उजवी बाजू धरायची?" इनासनं डोकं धरलं. "हे आणखी एक झालं!"

"पण गिऱ्हाईक काय करतं? विचारतं! 'बाय, हा का तो?' आणि मी सांगते." कार्मिणनं कमरेवर हात ठेवले. "तीन दिवस तो माणूस तिथं उभा राहून बोलतोय. दक्षिणेला बांधलंत, उत्तरेला बांधलंत, फादरांना सतावलंत. अरे, त्यालाच जाऊन विचारावं, हे दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही?"

इनास मिंगेलकडं बघायला लागला, मिंगेल इनासकडं.

मग उजाडली पुनवेची पहाट. धुकं होतंच. आदल्या दिवशीच्या गोंधळात डोल नक्की कुठल्या खुंटांत बांधली, तेही दोघांना धड आठवेना. पाणी हळू झालं. आणखी हळू. थबकलं. इनासनं दोरावर हात ठेवला. आणि नेमकी त्याच क्षणी हाक आली.

"पोरांनो, काही गावलं का?"

आता बघा हं, अडचण कशी आहे. डोल ओढायला वेळ तेवढाच. किनाऱ्याला जाऊन यायचं, तर पाणी फिरणार. पाणी फिरलं की डोल उलटणार. डोल उलटली की खुंट गेले, आजोबांची जागा गेली.

"दाजी, ओढ!" मिंगेल ओरडला. "आधी ओढ, मग विचारू!"

इनासचा हात दोरावर. त्याला काहीही ठाऊक नव्हतं. तो कोण आहे, ठाऊक नव्हतं. डोलीत काही आहे का, ठाऊक नव्हतं. एवढंच कळत होतं, की इतके दिवस कुणीतरी हाका मारतंय आणि आपण नुसते दोर इकडचे तिकडं बांधतोय.

त्यानं दोर सोडला. होडी खुंटापासून सोडली आणि आवाजाच्या दिशेनं वल्हवायला लागला.

वाळूवर निखारे होते. निखाऱ्यांवर मासा होता, बाजूला भाकरी. एक माणूस उकिडवा बसून मासा उलटत होता. त्याच्या हातांवर जुने, खोल वण होते. इनासला वाटलं, दोरानं कापलेत. म्हणजे आपल्यातलाच दिसतोय.

"बाबा," इनास म्हणाला, "उजवी बाजू कुणाची? तुझी की माझी?"

"बसा," तो माणूस म्हणाला. "गारठलात. आधी खा."

इनासनं घास घेतला, पण डोळे पाण्याकडं. "बाबा, पाणी फिरेल. उजवी बाजू कुठली?"

"काटा बघून खा."

तिसऱ्यांदा इनासनं विचारलं. "मला कळत नाही रे बाबा. खरंच कळत नाही. सांग ना."

त्या माणसानं वर बघितलं. "ठाऊक आहे मला. म्हणून तर हाका मारत होतो," तो म्हणाला. "आता जा, आणि ओढ."

"कुठल्या बाजूनं?"

"बांधलंय तिथून."

"पण पाणी..."

त्या माणसानं मिंगेलला आणखी एक तुकडा दिला.

मग दोघं परतले. जेवण झालं, बोलणं झालं, येणं झालं, जाणं झालं. भरती केव्हाच लागायला हवी होती. पण मधल्या खुंटाशी एक सुकलेलं पान पाण्यावर तरंगत होतं. जाताना होतं तिथंच. जरासुद्धा हललं नव्हतं. फेसाचा एक बुडबुडासुद्धा सरकला नव्हता. सगळी खाडी, सगळा समुद्र, श्वास धरून थांबला होता. दोन माणसांची न्याहारी होईपर्यंत!

इनासनं दोर धरला आणि ओढला. आणि वर काय आलं? बोंबील! बोंबील, मांदेली, कोळंबी, आणि तळाशी चंद्रासारखी पापलेटं. होडी काठापर्यंत भरली. शेवटचा मासा आत पडला, आणि मगच ते पान हललं. हळूच गिरकी घेतली आणि भरतीबरोबर गावाकडं निघालं.

धुकं उठलं. देवळावरचा क्रूस दिसला. किनाऱ्यावर मात्र कुणी नव्हतं. नुसती राख, ती अजून ऊन होती.

पाटलानं मासळी बघितली, टोपी घातली आणि म्हणाला, "खुंट तुझे." कार्मिणनं वलांडीवर बोंबील टांगले. सबंध गावाला वाटे गेले. फादरांनी आपला वाटा घेतला, पण ते घरी गेले नाहीत. पुस्तक न घेता त्या राखेपाशी जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले. काय विचारलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि डोल कुठल्या बाजूला होती म्हणता? मिंगेल मरेपर्यंत म्हणायचा, उत्तरेला. इनास म्हणायचा, दक्षिणेला. दोघं ह्यावरून भांडायचे, आणि कार्मिण दोघांना वाढायची. मलाही नक्की माहीत नाही. पुष्कळ विचार केला, पण नाही माहीत. एवढं मात्र खरं, की अजून त्या गावात पाणी थबकलं की तांडेल दोराला हात लावण्याआधी किनाऱ्याकडं तोंड करतो आणि ओरडतो, "बाबा, हा का तो?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. तरी विचारतात. आणि सुखात आहेत.

चला, झाली गोष्ट. डोळे मिटा आता. काय म्हणतोस? उजव्या कुशीवर झोपू की डाव्या? अरे, मला काय विचारतोस, मीच अजून गोंधळलोय. ज्या कुशीवर झोप लागेल, ती उजवी. गप झोपा. पाणी थांबलंय.