बल्बांचा मारेकरी

उंबरगडच्या दरबारातले एलईडी बल्ब पटापट मरू लागले आणि महाराजांनी राजवाड्याच्या वायरमनला, शिवाप्पाला, कोठडीत टाकलं. वर्षानुवर्षं चालायचे बल्ब महिन्यात विझतात, म्हणजे वायरमनने हलका माल आणला, असं प्रधानांचं मत होतं. बल्ब कसा बसवतात हे प्रधानांना ठाऊक नव्हतं, पण मत मात्र कायम तयार असे.

या दरबारात उघड्या डोक्याने राहायला सगळ्यांनाच बंदी होती. आधी माणसांना, मग महाराजांच्या पुतळ्याला, आणि शेवटी छताला टांगलेल्या बल्बांनाही. प्रत्येक बल्बच्या मानेला, पार वरच्या होल्डरपर्यंत, जरीचा फेटा घट्ट आवळलेला. नवा बल्ब लागला की दरबारी टाळ्या वाजवत. तो मेला की प्रधान म्हणत, मान कमी पडला. पुढच्याला दोन फेटे बांधा. यात कुणालाच काही विचित्र वाटत नसे, कारण ज्याला वाटे त्याची नोकरी जाई. बल्बची उष्णता मानेत साठते, तिला हवा लागू द्या, असं शिवाप्पाने एकदा सांगून पाहिलं होतं. प्रधानांनी त्याला आधी स्वतःची टोपी सरळ करायला सांगितलं.

शिवाप्पाची बायको गौराक्का राजवाड्यातल्या कपड्यांना इस्त्री करायची. नवऱ्याला सोडा म्हणून ती महाराजांपुढे उभी राहिली.

"बल्बांचा मारेकरी उद्या दुपारी माझ्यासमोर हजर कर," महाराज म्हणाले. "नाहीतर तुम्ही दोघंही राज्याबाहेर."

घरी इस्त्रीसाठी आलेल्या कपड्यांत बल्बांचे फेटे होते. तिने एक उलगडला. आतल्या पदरावर तपकिरी डाग. इस्त्री जास्त वेळ टेकली की पडतात तसेच. पण या फेट्यांना तिने अजून इस्त्री लावलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर वैशाखातल्या दुपारी ती दरबारात आली. बल्बांना जो मान मिळतो तो महाराजांनाही मिळायला हवा, त्याशिवाय मारेकरी पुढे येणार नाही, असं तिने सांगितलं. महाराज खूश झाले. तिने त्यांना कानांवरून, मानेपर्यंत दोन फेटे आवळून बांधले. प्रधानांनी हौसेने तिसरा पुढे केला. दरबाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्याच वेळात महाराज लालबुंद झाले. घामाच्या धारा लागल्या. सेवकाने पंखा उचलला, तर गौराक्काने त्याला अडवलं. बल्बांना कुठे कोण वारा घालतं?

"कुठाय मारेकरी?" महाराज धापा टाकत म्हणाले.

"जवळच आलाय, महाराज. जरा दम धरा."

महाराजांना आता दमच लागला होता. त्यांनी तिन्ही फेटे ओरबाडून जमिनीवर फेकले.

"अगं बाई, जीव घेतेस का माझा?"

"मी नाही, महाराज. जीव घेणारा तुमच्या पायाशी पडलाय. तुम्हाला हात आहेत, म्हणून तुम्ही सुटलात. बल्बांना हात नाहीत."

आणि तिने तपकिरी डागांचा तो फेटा महाराजांसमोर पसरला.

महाराजांनी फेट्याकडे पाहिलं, मग वर बल्बांकडे, मग प्रधानांकडे. आणि ते पोट धरून हसत सुटले. महाराज हसतायत याची खात्री करून दरबारही हसला.

शिवाप्पा त्याच घटकेला सुटला. वाड्यातल्या दिव्यांबाबत यापुढे त्याचाच शब्द शेवटचा, असं महाराजांनी जाहीर केलं. गौराक्काला राजवाड्याशेजारचं घर मिळालं. बल्बांवरून उतरवलेल्या फेट्यांचा मोठा ढीग झाला, तेव्हा महाराजांनी प्रधानांना जवळ बोलावलं.

"हे सगळे तुमचे. एकावर एक बांधा आणि चालत घरी जा."