घाईत निवलेला दगड

फार पूर्वी एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी दोन जावा एका घरात नांदत होत्या. दोघी समोरासमोर बसून एकाच जात्यावर दळत. एके सकाळी जात्याची वरची तळी धाकटीच्या हातून निसटली आणि फुटली.

थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर. "आजपासून तुझी चूल वेगळी, माझी वेगळी!" म्हणाली आणि तडक पाथरवटाकडे गेली. "मला जातं हवं, आजच्या आज."

"बाई, आज हवं तर डोंगराच्या माथ्यावरचा दगड आहे. लवकर घडतो, पण टिकायचा नाही. डोंगराच्या पोटातला घडवायला वेळ लागेल."

"पुराण नको, जातं दे."

त्याने दिले. काळ्यावर पांढरे ठिपके, दिसायला मोठे देखणे! धाकटीने मात्र "सवडीनं घडवा, दादा," असे सांगून पोटातलाच दगड मागितला. तोवर ती शेजारणीकडे दळत राहिली.

थोरलीची पहिलीच भाकरी दाताखाली कचकचली. जात्यातले पांढरे खडे सुटून पिठात आले होते. लेकरे उपाशी उठली. तणतणत ती पुन्हा पाथरवटाकडे गेली. तो बिचारा तिला उभ्या कड्यापाशी घेऊन गेला.

"हा डोंगर म्हणजे कधीकाळी जमिनीच्या भेगेतून वर आलेला तापलेला रस. वरच्या थराला वारा लागला, तो झटकन निवला. आतली वाफ कोंडून भोकं राहिली, पुढं पाणी झिरपून त्यांत पांढरे खडे धरले. पोटातला रस सावकाश निवला, म्हणून घट्ट झाला. रस एकच, लोखंडाचा अंशही दोन्हींत. पण ऐका."

त्याने दोन्ही दगडांवर हातोडी मारली. माथ्याचा दगड बद्द वाजला, पोटातला खणखणला.

थोरली घरी परतली. तिला फार वाईट वाटत होते.

काही दिवसांनी धाकटीचे जाते आले. ती एकटीच ओढत होती, घामाघूम झाली होती. थोरली दारात घुटमळली, मग समोर बसून तिने खुंट्याला हात घातला.

"राग निवला गं माझा. चूल एकच ठेवू या?"

धाकटीचे डोळे भरून आले. "मी वेगळी मांडलीच कुठं, अक्का?" म्हणत तिने जात्यात मूठभर ज्वारी टाकली.

तात्पर्य: राग कुणालाही येतो, तो निवेपर्यंत घर मोडायची घाई करू नये.