मांडवाखालची डाळिंबं

फार जुन्या काळी, जेव्हा राजेसुद्धा पायी फिरत आणि वाटेत भेटेल त्याला प्रश्न विचारत, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणारा लहान असो की थोर, गोष्ट तीच आहे.

एका राजाची डाळिंबांची बाग होती. त्याच्या राणीने ती स्वतःच्या हातांनी लावली होती. राणी गेली आणि बाग मागे राहिली. राजा रोज सकाळी बागेत जाई, एकेका झाडाच्या खोडावर हात ठेवी आणि मगच दरबारात बसे.

एका वर्षी उन्हाळा फार कडक पडला. राजाला ऊन लागलं, नऊ दिवस तो तापाने फणफणला. बरा होऊन उठला तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार बागेचा आला. ‘मी घरात राहून एवढा भाजलो, तर उघड्यावरच्या झाडांचं काय होत असेल?’

त्याने हुकूम सोडला. सगळ्या बागेवर जाड तरटाचा मांडव पडला. झाडांच्या मुळाशी रोज दूध, मध आणि चांगलं मुरलेलं शेणखत घालायला सुरुवात झाली.

बागेचा म्हातारा माळी नागू हात जोडून म्हणाला, “महाराज, झाडांना उन्हाची सवय असते.”

“नऊ दिवस अंथरुणात मी होतो, तू नव्हतास,” राजा म्हणाला. “ऊन काय असतं ते मला सांगू नकोस.”

नागू दुधाची घागर उचलून झाडांकडे वळला.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. कळ्या गळाल्या. प्रधान राजाला म्हणाला, “एवढं दूध घालूनही झाडं उपाशी कशी? ते वाटेतच कुणीतरी पीत असणार.” राजाने नागूला बोलावलं. “महिन्याभरात बाग सुधारली नाही, तर तू हे राज्य सोडून जा.” ज्या मातीत चाळीस वर्षं राबला, तीच आता म्हाताऱ्याला सोडावी लागणार होती.

बागेला मडकी पुरवणारी हौसा कुंभारीण तिथेच उभी होती. ती पुढे झाली. “महाराज, मला झाडातलं काही कळत नाही. पण माझ्या अंगणात एक गोष्ट मी कितीदा पाहिली आहे. येऊन बघाल का?”

राजा रागीट होता, पण न पाहिलेलं पाहायची त्याला भारी हौस. तो तिच्यामागून चालत गेला; प्रधान आणि नागूही मागोमाग निघाले.

अंगणात मोठे रांजण पालथे घालून ठेवले होते. हौसाने एक रांजण कलता केला. खालचं गवत पांढरट पिवळं, मेणासारखं झालं होतं. वीतभर अंतरावरचं गवत हिरवंगार होतं.

“माती वेगळी आहे का?” राजाने खाली बसून विचारलं.

“माती तीच. ओलही तीच. फक्त वरचा उजेड अडला.”

प्रधान हसला. “महाराज, बी तर मातीच्या पोटात, अंधारातच रुजतं. झाडाला उजेड लागत असता तर बी रुजलंच नसतं.”

राजाने हौसाकडे पाहिलं. “हे मला सांगता येत नाही,” ती म्हणाली. “आपण पेरून बघू.”

दोन कुंड्यांत एकच माती भरली आणि वालाचे दाणे पेरले. एक कुंडी उन्हात ठेवली, दुसरीवर रांजण पालथा घातला. दोन्हींना सारखं पाणी. राजा दर चार दिवसांनी येई आणि स्वतः रांजण उचलून बघे.

आठव्या दिवशी त्याने रांजण उचलला आणि सगळे चकित झाले. अंधारातली रोपं उन्हातल्या रोपांपेक्षा दुप्पट उंच झाली होती.

“झालं समाधान?” प्रधान म्हणाला. नागूने घरी जाऊन गाठोडं बांधायला घेतलं.

हौसाने वाकून अंधारातल्या एका रोपाला बोट लावलं. देठ दोऱ्यासारखा बारीक होता आणि पान नखाएवढंही नव्हतं. “उंच आहे, पण हिरवं नाही,” ती हळूच म्हणाली. “महाराज, आणखी थोडे दिवस द्या.”

“देतो,” राजा म्हणाला. “आता मलाही बघायचं आहे.”

विसाव्या दिवशी रांजण उचलला तेव्हा ती उंच रोपं आडवी पडून सडू लागली होती. उन्हातल्या रोपांना रुंद पानं फुटली होती.

राजाने एक सडकं रोप उचलून पाहिलं. मग त्याने विचारलं, “मेलं ते कळलं. पण इतके दिवस ते काय खाऊन जगलं?”

हौसाने भिजलेला वालाचा दाणा सोलला. दोन जाड डाळी वेगळ्या झाल्या. मधे इवलासा कोंब होता. “ही आईने बांधून दिलेली शिदोरी. आता कळलं मला. ती पुरली तोवर अंधारातही चाललं.”

“आणि ती संपल्यावर?”

उत्तर मागे उभ्या असलेल्या नागूने दिलं. “मग पानाला स्वतः रांधावं लागतं, महाराज. मूळ पाणी आणून देतं, पान हवा ओढून घेतं आणि उन्हाच्या बळावर त्या दोन्हींचं अन्न करतं. डाळिंबाच्या दाण्यात जी गोडी येते, ती तिथलीच. आम्ही मुळाशी घालतो ते खत म्हणजे जेवणातलं मीठ. मीठ लागतंच, पण नुसत्या मिठावर कोण जगेल?”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“सांगायला तोंड उघडलं होतं, महाराज.”

राजाने मान खाली घातली. सगळ्यांदेखत त्याने म्हाताऱ्याची क्षमा मागितली, आणि मांडवाची दोरी कापायला सुरी हातात घेतली. पण नागूने त्याला थांबवलं. “एकदम नको. सावलीत वाढलेलं पान कोवळं असतं, करपून जाईल. एकेक तरट काढू.” या वेळी राजाने ऐकलं. सगळा मांडव उतरायला पंधरा दिवस लागले.

तरीही अकरा झाडं वाचली नाहीत. त्यांतली तीन राणीने सगळ्यात आधी लावलेली होती. उरलेल्या झाडांना पुढच्या वर्षी फळं धरली, आकाराने लहान, पण दाणे लाल आणि गोड. पहिलं डाळिंब राजाने फोडलं, अर्धं नागूला आणि अर्धं हौसाला दिलं. त्यानंतर कुणालाही काही देण्याआधी तो विचारू लागला, “तुला काय हवं आहे?”

तात्पर्य: ज्याची भूक आपण विचारली नाही, त्याला दूधमध वाढूनही तो उपाशीच राहतो.