राक्षसाच्या हातात काय चमकलं?

एक होता राजा. पण ही गोष्ट राजाची नाही बरं का, त्याच्या राज्यातल्या येसूची आहे. येसू ना लहान ना मोठी, नुकतीच लुगडं नेसायला लागलेली. जीभ मात्र गोडाला चटावलेली. येता-जाता चाटायला कमरेला सदा गुळाचा एक खडा खोचलेला असायचा. घरात आई, मोठा भाऊ गोंदा आणि ही. गोधडी नीट घ्या पाहू. पाय आत.

त्या राज्यात शेजारधर्म मोठा. विरजण उसनं, मीठ उसनं, विस्तव उसना. आणि अगदी अडलंच, तर डोळेसुद्धा उसने मिळायचे! हसू नका. दुसऱ्याच्या कपाळाला आपलं कपाळ लावायचं, की त्यानं पाहिलेलं-ऐकलेलं आपल्याला दिसायचं, ऐकू यायचं. एक रीत मात्र सगळे पाळायचे. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर साखरेचे चार दाणे तरी घालायचेच.

एकदा काय झालं, येसूच्या आईचं विरजण बिघडलं. मग तिनं डोंगरावरच्या जखिणीकडून वाटीभर विरजण आणवलं. हो, जखीणच! लोक तिला भ्यायचे, तिच्या वाटेला जायचे नाहीत. पण आई म्हणायची, "दिसायला कशी का असेना, शेजारीण ती शेजारीण." मग आईनं ती पितळेची वाटी घासूनपुसून लख्ख केली, तिच्यात रव्याचा लाडू ठेवला, वर फडकं बांधलं आणि गोंदाला म्हणाली, "जा, देऊन ये." गोंदा गेला. गेला तो आलाच नाही.

आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावरून राक्षस उतरला! ताडाएवढा उंच, अंगभर काटे, पोट खपाटीला गेलेलं. तो एकेका दारापुढे उभा राहायचा, गर्जना करायचा आणि पुढच्या दाराशी जायचा. लोकांनी आतून कड्या घातल्या. येसूच्या दाराशी तर तो हलेचना. मायलेकी एकमेकींना घट्ट धरून बसल्या. येसूनं फटीला एक डोळा लावला आणि भीतीनं झटकन मागे सरली.

सगळे म्हणाले, "यानंच गोंदाला खाल्लं." राजानं दवंडी पिटवली, की उद्या राक्षस वेशीत आला की बाण सोडायचे. आईनं अन्नपाणी टाकलं. येसूला मात्र राहवेना. दादाचं काय झालं ते तिला बघायचंच होतं.

मग ती बुरुजावरच्या भिकाजी पहारेकऱ्याकडे गेली. "काका, डोळे द्या." "घे बाई, पण नंतर मला बोल लावू नकोस." येसूनं कपाळाला कपाळ लावलं. लांबवर राक्षस दिसला. हातात काहीतरी लखलखत होतं. भिकाजीला ती सुरी वाटली होती, म्हणून येसूलाही सुरीच वाटली. पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना.

मग ती ठकूबाई धनगरणीकडे गेली. "नको बघूस गं पोरी, घास उतरायचा नाही." पण येसू हटून बसली. ठकूबाईनं राक्षस जवळून पाहिला होता. हातात सुरी नव्हती. पिवळंधमक काहीतरी होतं, गोल. ठकूबाईला वाटलं, गोंदाच्या हातातलं कडंच. येसू ओरडली, "खाल्लं गं माझ्या दादाला!"

आता कोणाचे डोळे उरले होते? बरोबर. खुद्द राक्षसाचे.

उजाडलं. राक्षस वेशीत आला. नगारा वाजला, धनुष्यं ताणली गेली. राजानं हात वर केला. इतक्यात येसू सुसाट धावत सुटली! "अगं ए कार्टे, मागे फिर!" भिकाजी बुरुजावरून ओरडला. ती थेट राक्षसापुढे उभी राहिली. आणि काय आश्चर्य, राक्षस गुडघ्यावर बसला. मग येसूनं तव्यासारख्या तापलेल्या त्या कपाळाला आपलं कपाळ लावलं.

आणि तिला दिसली येसू!

हो, ती स्वतःच! स्वयंपाकघरात वाटीचं फडकं सोडत होती. अख्खा लाडू तोंडात कोंबत होती. मग मागे न बघता तिनं फडकं पुन्हा जसंच्या तसं बांधलं. आणि हे सगळं दाराआडून कुणीतरी बघत होतं. समोरचं सगळं हलत होतं, कारण बघणारा हसत होता. तो दादा होता! त्यानं बहिणीचं नाव घेतलं नाही. गुपचूप वाटी उचलली आणि निघाला.

मग जखीण दिसली. तिनं हौसेनं फडकं सोडलं आणि तिचा चेहरा पडला. "इतक्या वर्षांत एक घर शेजारचं म्हणून मिळालं, तेही रिकामी वाटी धाडतं? भरून आणशील तेव्हाच माणूस होशील!" मग नुसती दारं. एकामागून एक लागणारी दारं. शेवटी आपलंच दार, आणि फटीत येसूचा घाबरलेला डोळा.

तो गर्जत नव्हता, बाळांनो. चिमूटभर साखर मागत होता.

येसूनं डोळे उघडले. राक्षसाच्या पंजात पितळेची वाटी चमकत होती. "बाण सोडू नका! हा माझा दादा आहे!" राजाचा हात तसाच वर राहिला. येसूनं कमरेचा गूळ काढून वाटीत टाकला आणि राक्षसाचा पंजा धरून डोंगर चढू लागली. मागून राजा, मागून सगळा गाव.

जखिणीनं वाटीत पाहिलं. "हा तर उष्टा आहे."

"उष्टाच आहे," येसू म्हणाली. "आणि लाडू दादानं नाही, मी खाल्ला होता. मला काय करायचं ते कर."

जखीण खुदकन हसली, गूळ मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला, अर्धा येसूच्या. तोच मागून हाक आली.

"येशे, लाडू कसा झाला होता गं?"

वळून बघते तर गोंदा! येसू त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. खाली आल्यावर आईनं दोघांना पोटभर जेवू घातलं. पुढे ती वाटी डोंगरावर गेली की भरलेली, खाली आली की भरलेली. सगळे सुखात राहिले, जखीणसुद्धा.

मिटा आता डोळे. तुमच्या आईची वाटी माझ्याकडेच आहे, सकाळी तुमच्याच हाती भरून पाठवते. आणि वाटेत कुणी फडकं सोडायचं नाही हं. झोपा.