सुतकातला पाना

बाजारतळावर बन्सीशेठने स्वस्त हत्यारांचा सेल लावला होता. "ही हत्यारं म्हणजे माझी पोटची पोरं! आजन्म हमी!" असं तो भोंग्यावरून ओरडत होता. त्या बोलण्यावर विसंबून अनसूयाबाईने आपल्या पिठाच्या गिरणीसाठी पाना नेला. पहिलाच नट आवळताना पान्याचा जबडा तुटला, नवऱ्याची बोटं फुटली आणि गिरणी बंद पडली.

दुसऱ्या दिवशी ती मोडका पाना घेऊन आली.

"शेठ, बदलून द्या."

शेठ भर गर्दीत हसला. "आजन्म म्हणजे कुणाचा जन्म, बाई? पान्याचा! तो मोडला म्हणजे मेला. मेल्याची कसली हमी?"

लोक खिदळले. अनसूयाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याची ती रक्ताळलेली बोटं डोळ्यांपुढून हलेनात. तिने पाना शेठच्या पुढ्यात आडवा ठेवला आणि त्यावर फडकं पांघरलं.

"पोटचं पोर गेलं की हो तुमचं! मग दुकान कसं मांडलंत? सुतक पाळा."

हातोडी न्याहाळणाऱ्या एका म्हाताऱ्याने ती हळूच खाली ठेवली. "खरंच की! सुतकातलं हत्यार घरात कशाला न्यायचं?"

मागची माणसंही सरकू लागली. शेठचा चेहरा उतरला.

"अहो, थांबा! कुणी मेलं नाही! पाना जिवंत आहे!"

"जिवंत आहे ना?" अनसूयाबाईने फडकं ओढून घेतलं. "मग हमीपण जिवंत आहे. काढा दुसरा. आणि त्याने आधी तुमच्या बोटांनी नट आवळून दाखवा."